आइस टी दर उन्हाळ्यात का बिघडतो: आधी बर्फ हुंगा, विहिरीकडे शेवटी वळा

गुहागर तालुक्यात खाडीच्या अलीकडे आमचं घर आहे. सुट्टीत पाहुणे उतरतात, आणि त्यांच्यासाठी गेली आठ वर्षं मी फळं घालून आइस टी करते. कोकम सरबत, पन्हं असतंच. पण दुपारी तीनला समुद्रावरून तापून आलेल्या माणसाला चहाही हवा असतो आणि गारही हवा असतो. मग वाडीतल्या आणखी तीन-चार घरांनी हे सुरू केलं आणि दर एप्रिल-मेमध्ये निरोप येऊ लागले. ‘काकू, चहा परत गढूळ झाला.’ ‘वहिनी, आज तर काळाच पडलाय, येऊन बघता का?’ दर वेळी जाऊन बघितलं, चाखलं, त्यांच्याच चुलीवर परत करून पाहिला. बिघाड तेच ते असतात. फक्त सगळे जण सुरुवात भलत्या टोकाकडून करतात: आधी चहाची पावडर बदलतात, मग महागडा फिल्टर बघायला चिपळूणला जातात. खाली जो क्रम दिला आहे त्यातल्या पहिल्या चार तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही, आणि बहुतेक घरांत दोष तिथेच सापडला आहे.

आधी लक्षणं नीट बघा

काचेच्या ग्लासात ओतून उजेडात धरा. स्टीलच्या पेल्यात काहीच कळत नाही.

- गरम असताना लाल, आरपार दिसणारा. फ्रिजमध्ये ठेवला की तासाभरात दुधाचा थेंब पडल्यासारखा गढूळ.
- गरम असतानाच काळपट, शाईकडे झुकणारा. कधी वर पातळ तवंग.
- तुरट-कडू. पहिला घोट बरा, मग जीभ आखडते.
- मचूळ आणि सपक. साखर वाढवली तरी चहा ‘लागत’ नाही.
- वास: औषधाचा, किंवा सरळ मासळीचा.
- दुसऱ्या दिवशी आंबूस, बरणीच्या कडेला बारीक बुडबुडे, किंवा चमचा उचलला की तार.

पहिली दोन लक्षणं लोक एकच समजतात, पण त्यांची कारणं पूर्ण वेगळी आहेत. आणि शेवटचं लक्षण दिसलं तर चाखूनही बघू नका. तो चहा ओतून टाका, बरणी उकळत्या पाण्याने धुवा आणि थेट फ्रिजच्या तपासणीकडे जा.

१. गढूळ झालेला चहा परत गरम करा

वाटीभर गढूळ चहा घ्या, मंद आचेवर गरम करा. वाफ येईपर्यंत तो परत आरपार झाला, तर तुमच्या चहात काही बिघडलेलं नाही. चहातली थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही द्रव्यं गरम पाण्यात विरघळलेली असतात. चहा निवला की ती कॅफीनला धरून बारीक कणांच्या रूपात बाहेर येतात, आणि तेच आपल्याला गढूळपणा म्हणून दिसतात. चहाच्या धंद्यात याला ‘क्रीम डाऊन’ म्हणतात आणि चहा चाखणारे लोक ते कडक, चांगल्या चहाचं लक्षण मानतात. पोटाला त्याचा काही त्रास नाही. पाहुण्यांपुढे ठेवायला बरं दिसत नाही, एवढंच.

काढा जितका दाट, तितका हा गढूळपणा जास्त. म्हणून पहिला उपाय म्हणजे चहा कमी घाला. माझं माप असं: १ लिटर पाण्याला दाणेदार चहा ६ ग्रॅम, म्हणजे दोन ते अडीच सपाट छोटे चमचे. पाणी उकळलं की गॅस बंद, मग चहा घालायचा, झाकण, ३ मिनिटं, आणि गाळायचा. रोजच्या दुधाच्या चहासारखा खळखळ उकळायचा नाही. मग पातेलं ओट्यावर निवू द्यायचं आणि हाताला कोमट लागलं की फ्रिजमध्ये. गरम चहा एकदम बर्फावर ओतला की दाणेदार चहा बहुधा गढूळ होतोच.

आपल्याकडे दुकानात मिळतो तो बहुतेक सीटीसी, म्हणजे चिरडून-फाडून गोळी केलेला चहा. ही पद्धत १९३० साली आसामात निघाली. तिचा हेतूच मुळी झटपट रंग आणि कडकपणा हा होता. दुधासाठी तो उत्तम, गार चहासाठी अवघड. अख्ख्या पानाचा चहा, त्यातही निलगिरीचा, गार केल्यावर बराच स्वच्छ राहतो. रत्नागिरीला जाणं झालं की मी पाव किलो आणून ठेवते. त्याचं माप ८ ग्रॅम.

पानाचा चहा असेल तर चूल पेटवायचीही गरज नाही. संध्याकाळी उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ८ ते १० ग्रॅम पान टाका, झाकण लावा, थेट फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. गार पाण्यात कॅफीन आणि तुरट द्रव्यं कमी उतरतात, त्यामुळे गढूळपणाही जवळपास येत नाही. मला स्वतःला हीच चव सर्वांत आवडते. मात्र उन्हात बरणी ठेवून चहा ‘उतरवायची’ पद्धत आमच्या हवेत करू नका. उन्हातलं पाणी जंतू मरण्याइतकं कधी तापत नाही, वाढण्याइतकं मात्र छान तापतं.

गरम करूनही चहा काळा किंवा गढूळ राहिला, तर पुढे चला.

२. बर्फ हुंगा

हे इतकं साधं आहे की कोणी करत नाही. ज्या फ्रीजरमध्ये सुरमईच्या तुकड्या, बांगडे आणि सोड्यांची (सुक्या कोळंबीची) पिशवी असते, त्याच फ्रीजरमध्ये उघड्या ट्रेमध्ये बर्फ लावलेला असतो. बर्फ वास धरतो. गरम चहात तो कळला नसता. गार चहात, त्यात आंबा किंवा अननस असेल तर, पहिल्याच घोटाला कळतो. एक तुकडा ग्लासात वितळवा, ते पाणी हुंगा, चाखा. वास आला तर ट्रे खाण्याच्या सोड्याने धुवा, मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, आणि बर्फ जमला की पिशवीत भरून तोंड बांधा.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. चहाचं पाणी आपण उकळतो, पण बर्फ मात्र तसाच नळाचा किंवा विहिरीचा. पाणी गोठल्याने जंतू मरत नाहीत, थंडीत थांबून राहतात आणि बर्फ वितळला की परत कामाला लागतात. पाहुण्याचं पोट बिघडलं की आपण फळाला दोष देतो. बर्फाचं पाणीही उकळूनच घ्या.

३. कडवटपणा: वेळ, पिळणं, गूळ

तुरट-कडू चहात दहापैकी नऊ वेळा चहा पाण्यात राहून गेलेला असतो. पाहुणे आले, फोन आला, तीन मिनिटांची पंधरा झाली. घड्याळ लावा. दुसरी सवय म्हणजे फडक्यातून गाळताना चोथा पिळणे. त्या शेवटच्या दोन चमच्यांत सगळा तुरटपणा असतो. आपोआप गळेल तेवढंच घ्या.

गुळाचा कोरा चहा हा आपल्या घराघरातला, म्हणून आइस टीतही बरेच जण गूळ घालतात. चव छान येते, पण गूळ चहा गढूळ आणि काळपट करतो, आणि मग खरा दोष शोधता येत नाही. तपासणी चालू असेपर्यंत साखरच घ्या, तीही चहा गरम असताना किंवा पाक करून. गार चहात साखर तळाशी बसते, वरचा चहा अळणी लागतो आणि पुढच्या वेळी आपण उगाच दुप्पट घालतो.

४. फळ

आंबा घातलेला चहा गढूळच होणार. गरातला तंतू आणि पेक्टिन चहातल्या टॅनिनला (तुरट द्रव्यांना) धरतात, त्यावर काही इलाज नाही आणि लागतही नाही. हापूसचा चहा दाट दिसला म्हणून कोणी तो परत केलेला मला आठवत नाही. स्वच्छ हवा असेल तर गर न घोटता सोललेल्या फोडी टाका. देठाकडचा चीक आधी धुऊन काढा, त्याने ओठ जळतात.

कोकमाचं मात्र जपून. आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) मीठ असतं. चहा खारट लागतो म्हणून विहिरीला दोष देणाऱ्या दोन घरांत मी जाऊन बघितलं, तर दोष आगळाच्या बाटलीचा होता. अमृत कोकम असेल तर त्यात साखर आधीच आहे. मी चार-पाच आमसुलं, बिनमिठाची, आधी चाखून, कपभर कोमट पाण्यात अर्धा तास वेगळी भिजवते आणि तो लाल अर्क निवलेल्या चहात घालते. चहाबरोबर आमसूल उकळलं तर दोन्हींचा तुरटपणा एकमेकांवर चढतो.

लिंबू आणि पपनस: साल आणि गर यांच्यामधला पांढरा भाग कडू असतो, आणि तो कडूपणा हळूहळू उतरतो. केला तेव्हा गोड होता, संध्याकाळी कडू झाला, अशी तक्रार असेल तर चकत्या बरणीतच राहिल्या आहेत असं समजा. रस पिळा, चकती ग्लासात वाढताना लावा. लिंबाने चहाचा रंग फिका होतो, तो बिघाड नाही. आंबट घटकाने चहाचे रंगद्रव्यच फिकट होते.

करवंदं पूर्ण काळी पिकलेलीच; अर्धवट पिकलेल्यांचा चीक चहात चिकटपणा आणतो. जांभूळ मुळात तुरट, त्यामुळे चहा निम्मा करा. अननस आणि जाम (फळ, पावाला लावायचा जॅम नव्हे) यांनी मला कधी त्रास दिलेला नाही.

कुठलंही फळ असो, ते कोमट चहात घालू नका. पूर्ण गार चहात घाला, चार ते सहा तासांनी काढून घ्या. सालीवर नैसर्गिक यीस्ट असतं, फळात साखर असते, आणि मे महिन्यात आमच्या पडवीत ३२-३३ अंश सहज असतात. आंबायला याहून जास्त काही लागत नाही.

५. भांडं

जर्मनचं (अॅल्युमिनियमचं) पातेलं आणि कल्हई उडालेलं पितळेचं पातेलं या कामाला वापरू नका. कोकम, लिंबू, अननस यांचं आम्ल धातू विरघळवतं. चव बिघडते आणि पितळेतून उतरणारं तांबं पोटालाही वाईट. स्टीलमध्ये करा, काचेत ठेवा. गंजलेली चहाची गाळणी आजच फेकून द्या; का ते पुढच्या तपासणीत येईल.

६. पाणी: दोन पातेल्यांची परीक्षा

इथे पहिल्यांदा वीसेक रुपये खर्च होतील. दुकानातून बाटलीबंद पाणी १ लिटर आणा. एका पातेल्यात ते, दुसऱ्यात घरचं पाणी. चहा तोच, माप तेच, वेळ तीच. दोन ग्लास शेजारी ठेवा. दोन्ही सारखेच वाईट असतील तर पाण्याला सोडा आणि वरच्या तपासण्या परत करा. बाटलीचा चहा लाल आणि घरचा काळा, किंवा बाटलीचा गोड आणि घरचा मचूळ, असं दिसलं तर दोष पाण्यात आहे. ही परीक्षा केल्याशिवाय कोणीही फिल्टर विकत घेऊ नये असं मला कळकळीने सांगायचं आहे. शेजारच्या एका घरी हजारो रुपयांचा फिल्टर बसला आणि चहा तसाच काळा येत राहिला. दोष गंजलेल्या गाळणीत होता.

*काळा, शाईसारखा चहा* म्हणजे बहुतेक लोह. आपला जांभा दगड लाल आहे तो त्यातल्या लोहामुळेच. काही विहिरींत आणि बऱ्याच बोअरच्या पाण्यात हे लोह उतरतं. जुन्या लोखंडी पाइपातूनही येतं. लोह आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग होतो. पूर्वी लिहिण्याची शाई याच मेळातून करत. ओळखायला सोपं: पांढऱ्या भांड्यात पाणी भरून रात्रभर उघडं ठेवा. भरताना स्वच्छ दिसणारं पाणी सकाळी पिवळट-तांबूस झालं, तळाशी गंजासारखा गाळ बसला, तर लोह आहे. हवा लागली की विरघळलेलं लोह गंज होऊन खाली बसतं, आणि घरगुती उपायही त्यातच आहे. पाणी दोन-तीनदा उंचावरून एका हंड्यातून दुसऱ्यात ओता, रात्रभर ठेवा, सकाळी तळ न हलवता वरचं पाणी चौपदरी सुती फडक्यातून गाळा. चहापुरतं एवढं बहुतेक घरांना पुरतं. लिंबू पिळल्यावर काळेपणा कमी होतो हे खरं, पण त्याने पाण्यातलं लोह जात नाही.

तवंग येत असेल आणि साबणाला फेस होत नसेल तर पाणी जड आहे. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी सहसा हलकं असतं, त्यामुळे हे बहुधा बोअरच्या घरांत आढळतं. पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून, निवळून वापरलं की पुष्कळ फरक पडतो.

*मचूळ चहा* ही खाडीकाठच्या घरांची उन्हाळ्यातली खरी अडचण. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं आहे. विहिरीची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर तिच्याखाली साधारण ४० मीटर गोडं पाणी, असा भूजलाचा ठोकताळा आहे. म्हणजे वरची पातळी हातभर उतरली की खालचं खारं पाणी कितीतरी वर सरकतं. मे महिन्यात पाहुणे भरलेले, पंप सकाळ-संध्याकाळ चालू, नारळी-पोफळीच्या आगराला शिंपणं चालू: विहीर मचूळ होणारच. हे पाणी उकळून मीठ जात नाही. उलट वाफ गेल्याने खारटपणा वाढतो. चहाचं आणि पिण्याचं पाणी पहाटे, पंप लावायच्या आधी, वरवरचं कळशीने काढा. रात्रभर विहीर शांत असते तेव्हा वरचं पाणी त्यातल्या त्यात गोड असतं. आमच्याकडे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात चहाचं पाणी वरच्या वाडीतून आणतो. त्याला पर्याय सापडलेला नाही.

*औषधी वास* आला तर विचारा: विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर (जंतू मारायची क्लोरीनची पावडर) पडली आहे का? पावसाळ्याच्या तोंडाला ती हमखास पडते आणि पडायलाच हवी. क्लोरीनचा चहातल्या घटकांशी संयोग झाला की दवाखान्यासारखा वास येतो. चहाचं पाणी उघड्या पातेल्यात आदल्या रात्री भरून ठेवा किंवा आधी पाच मिनिटं झाकण न ठेवता उकळा. वासासाठी म्हणून पावडर टाकूच नका असं ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला कृपा करून सांगू नका.

७. फ्रिज

वरचं सगळं ठीक आणि तरी चहा दुसऱ्या दिवशी आंबतो? थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात घालून रात्रभर मधल्या फळीवर ठेवा. ५ अंश किंवा कमी हवं. जास्त दिसलं तर दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा; सहज निघाला तर रबर सैल आहे. मागची जाळी बघा. खाऱ्या हवेने ती गंजते आणि धुळीने भरते. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. प्लग काढून, कोरड्या ब्रशने जाळी झाडा.

लाईट जाणं हा इथला नेम आहे. दार न उघडता फ्रिज साधारण ४ तास टिकतो. त्याहून जास्त वेळ लाईट नव्हती आणि चहात फळ होतं, तर तो चहा देऊ नका. एरवीही फळाचा चहा २४ तासांत संपवा. बिनफळाचा गाळलेला चहा दोन दिवस राहतो. वाढायला बाहेर काढलेली बरणी दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, आणि उरलेल्यात ताजा चहा मिसळू नका. एका दिवसाचं आंबणं दुसऱ्या दिवसात जातं ते असंच.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

फ्रिज: कॉम्प्रेसर टक-टक करून बंद पडतो, किंवा जाळी झाडूनही गार होत नाही, तर मेकॅनिक. फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडून गॅस जातो. फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत कोणालाही जवळ जाऊ देऊ नका. दमट हवेत अर्थिंग खराब होणं ही जिवावरची गोष्ट आहे.

विहीर: गाळ काढायला किंवा बघायला स्वतः आत उतरू नका. खोल, झाकलेल्या विहिरीत हवा नसते, आणि वरून ते कळत नाही. टीसीएलची मात्राही अंदाजाने टाकू नका. विहिरीतलं पाणी मोजून ती ठरते आणि ते काम जलसुरक्षकाचं.

माणसं: एकाच दिवशी घरातल्या किंवा पाहुण्यांतल्या दोघा-तिघांना जुलाब-उलट्या झाल्या, किंवा कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर चहाचा शोध तिथेच थांबवा. ओआरएस सुरू करा, आरोग्य केंद्रात न्या आणि आशाताईंना कळवा. सगळी वाडी त्याच विहिरीचं पाणी पीत असते.

पाणी: दोन पातेल्यांच्या परीक्षेत घरचं पाणी नापास झालं आणि गाळून, निवळून फरक पडला नाही, तर तपासून घ्या. बऱ्याच ग्रामपंचायतींकडे पाणी तपासायचा संच असतो. त्यात लोह, क्लोराइड (म्हणजे खारटपणा), जडपणा इथेच कळतो. नीट आकडे हवे असतील तर शासकीय पाणी प्रयोगशाळा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅम आणि जडपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह धरला आहे, त्याच्याशी ताडून बघा. आणि फिल्टर घ्यायचाच तर तपासणीच्या आकड्यांचा कागद हातात घेऊन जा; लोहाला वेगळं यंत्र लागतं, खारटपणाला वेगळं.

जंतूंच्या तपासणीसाठी घरची बाटली चालत नाही, प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणा. तिच्या तोंडाला आतून हात लावू नका, विसळू नका, भरल्यावर बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. बाटलीवर विहिरीची जागा, तारीख, वेळ आणि शेवटची टीसीएल कधी पडली ते लिहा.